चौकटबाईंचा तास

आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेची फरशी मी एकवीस वर्षं पुसतोय, आणि त्यातली नऊ वर्षं चौकटबाईंच्या नावानं बोटं मोडत पुसतोय. दर गुरुवारी मधल्या सुट्टीनंतर सहावीचा वर्ग यायचा. त्याआधी बाई गुडघ्यांवर बसून फरशीवर खडूनं चार मोठ्या चौकटी आखायच्या. पहिल्या तीन चौकटींत लिहायच्या स्थायू, द्रव, वायू. चौथीत काहीच नाही. मुलं तिला भांडणाची चौकट म्हणायची. बाईंचं खरं नाव हजेरीच्या मस्टरवर होतं आणि तिथंच राहिलं. शाळेत त्यांना सगळे चौकटबाईच म्हणत, मोठे सरसुद्धा, अर्थात त्यांची पाठ फिरल्यावर. मी तिथला परिचर. बाटल्या धुणारा, ट्रे मांडणारा, फुटलेल्या काचा गोळा करणारा आणि घंटा देणारा. मला लहानथोर सगळे मामा म्हणतात. सख्खा भाचा एकही नाही, त्यामुळे हे मामापण मला फुकटात पडलंय.

बाईंच्या तासाला नियम एकच होता. वस्तूचं नाव घ्यायचं नाही. प्रत्येकाला ट्रेमधली एक वस्तू मिळायची. स्पंजचा तुकडा, मधाची बाटली, मेणाचा गोळा, फुगा, वाळूची पुडी, दाढीच्या साबणाचा फेस, असलं काहीबाही. ती दाबायची, ओतायची, हुंगायची, हलवून कानाशी धरायची आणि ती काय करते तेवढंच सांगायचं. बाकीच्यांनी ती कुठल्या चौकटीत जाईल ते ठरवायचं आणि वस्तूवाल्यानं तिथं जाऊन उभं राहायचं. एकमत झालं नाही तर भांडणाच्या चौकटीत. घंटा होईपर्यंत कुणीही चौकट बदलू शकत असे. उत्तर बाई शेवटी सांगायच्या, आणि कधीकधी तेव्हाही सांगायच्या नाहीत.

मला हे अजिबात पटायचं नाही. एकदा मी त्यांना म्हणालो की बाई, स्पंज म्हणजे स्पंज, सांगून टाका आणि पुढचा धडा घ्या, एवढ्यासाठी माझी फरशी कशाला. त्या हसल्या. म्हणाल्या, नाव कळलं की मुलं बघायची थांबतात, मामा. मी मनात म्हटलं, बघोत बापडी, पुसायचं मलाच आहे.

पण खरं सांगतो, गुरुवारची दुपार मला आवडायची. प्रयोगशाळेच्या खिडक्या मोठ्या आणि पश्चिमेकडच्या. दुपार कलली की ऊन कपाटातल्या बीकरांच्या रांगेतून जायचं आणि फरशीवर त्याचे डळमळते तुकडे पडायचे. त्या तुकड्यांत मुलं उभी असायची, अर्धे डोळे मिटून, कुणी फुग्याचं तोंड चिमटीत धरून, कुणी तळहातावरची मेणाची गोळी मऊ होण्याची वाट बघत. एखाद्या बरणीत बाईंनी विझवलेल्या काडीचा धूर कोंडून ठेवलेला असायचा. तो आत सावकाश वळत राहायचा, जणू त्याला कुठं जायचंच नाहीये. मी आतल्या सामानाच्या खोलीत, दाराशी, स्टुलावर बसायचो. बाहेरून आवाज यायचे. दाबलं की दबतं, सोडलं की पहिल्यासारखं. वास येतो पण हाताला लागत नाही. वाकडं केलं की यायला वेळ लावतं, पण येतं. कशाचंच नाव नाही. ऐकता ऐकता माझे डोळे जड व्हायचे आणि वाटायचं, अजून कशालाच नावं पडलेली नाहीत, सगळं नुसतं वाहतंय, तरंगतंय, आणि त्यात कुठंतरी माझं स्टूलही. मग एखादं पोरगं फुगा सोडायचं आणि मी धडपडून जागा व्हायचो.

बाई घरी वडिलांबरोबर राहायच्या. दोघंच. वडिलांना त्या अण्णा म्हणत. अण्णांनी चौतीस वर्षं लोखंडी सामानाच्या गोदामात काढली होती. खिळे, स्क्रू, बिजागऱ्या, कड्या, वायसर, नळांचे सांधे. गिऱ्हाइकानं दोन बोटांत नुसतं अंतर दाखवलं तरी अण्णा अडीच इंची की तीन इंची ते सांगून मोकळे व्हायचे, आणि डोळे मिटून त्याच खणात हात घालायचे. असा माणूस. त्यांना आदल्या वर्षी झटका येऊन गेला. हातपाय दोन महिन्यांत जागेवर आले. नावं मात्र आली नाहीत. समोर वस्तू दिसते, तिचा उपयोग कळतो, पण नाव जिभेवर येत नाही, आणि आलंच तर भलतंच येतं. चमच्याला पाना म्हणायचे, टॉवेलला वायसर. डॉक्टरांनी सांगितलं होतं की बुद्धी शाबूत आहे, नावं तेवढी हरवली आहेत, काही परत येतील, काही येणार नाहीत.

हे सगळं बाईंनी मला एकदा टेस्टट्यूब पुसता पुसता सांगितलं. एका संध्याकाळी अण्णा केस कापायला गेले आणि तिथं खुर्चीत बसून न्हाव्याला म्हणाले, जरा मागून कुलूप लावा. दुकानातली सगळी माणसं हसली. अण्णा तसेच घरी आले. बाई दारातच उभ्या होत्या. त्यांना हाक मारायला म्हणून अण्णांनी तोंड उघडलं आणि तोंडातून निघालं, बिजागरी. बाईंना न्हाव्याकडचं काही ठाऊक नव्हतं. त्यांना हसू फुटलं.

"न्हावी हसला तर हसला, मामा," त्या म्हणाल्या. "मी हसायला नको होतं."

त्या दिवसापासून अण्णांनी तोंडाला कुलूप घातलं. पाच महिने झाले होते. हवं ते बोटानं दाखवायचे, नाहीतर स्वतः उठून घ्यायचे. बाईंनी मग माझ्याकडून प्रयोगशाळेतल्या चिठ्ठ्यांची गुंडाळी मागून नेली आणि घरातल्या प्रत्येक वस्तूवर तिचं नाव लिहून चिकटवलं. दार, आरसा, बादली, कपाट, सगळ्यावर. दुसऱ्या दिवशी घरी जाऊन बघतात तर अण्णांनी एकूण एक चिठ्ठी काढून टाकलेली. फाडली नव्हती. लांबीप्रमाणे लावून, कडा जुळवून, गठ्ठा करून बाईंच्या ताटाशेजारी ठेवली होती. नऊ वर्षं मुलांना नाव घेऊ नका म्हणणारी बाई स्वतःच्या बापाला मात्र नावंच शिकवायला निघाली होती. मी ते बोललो नाही. मला एवढी अक्कल आहे.

"त्यांनी मला एकदा नावानं हाक मारावी, बास," बाई म्हणाल्या. "त्या दिवशीचं पुसलं जाईल." मी हातातली नळी दोनदा पुसली.

घरी अण्णांजवळ बसणाऱ्या शेजारच्या काकू महिनाभर लेकीकडे गेल्या, तेव्हा बाईंनी अण्णांना शाळेत आणलं. गुरुवारच होता. मला म्हणाल्या, आत तुमच्याजवळ बसू दे, काही त्रास नाही द्यायचे. मी हो म्हणालो आणि मनातून चडफडलो. घंटा मी द्यायची, ट्रे मी मांडायचे, आता हे म्हातारबाबाही मीच सांभाळायचे. उंच, सडपातळ माणूस, सदरा स्वच्छ, नजर सरळ. माझ्या नमस्काराला त्यांनी मान हलवली आणि स्टुलावर बसले, माझ्या स्टुलावर. मी ट्रे मांडायला बाहेर गेलो.

परत आलो तर माझा खण टेबलावर पालथा. तो खण म्हणजे माझी एकवीस वर्षांची पुंजी. बुचं, तारांचे तुकडे, तुटके चिमटे, दोऱ्या, मेण, पॉलिश पेपर, कशाला काय लागेल सांगता येत नाही म्हणून ठेवलेलं सगळं. अण्णांनी त्याचे तीन ढीग केले होते. एका ढिगात बूच, मेण, चिकणमाती आणि रबरी वायसर. दुसऱ्यात तार, दोरी, चिमटे, एक केसांची पिन. तिसऱ्यात कानस, पॉलिश पेपर आणि मोडकं पातं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मेणाजवळ माती, दोरीजवळ चिमटा, याला काय अर्थ आहे? हे काय केलंत, असं मी जरा चढ्याच आवाजात विचारलं. अण्णांनी एक बूच उचललं, रिकाम्या बाटलीच्या तोंडात अंगठ्यानं दाबलं, बाटली उलटी केली आणि माझ्याकडे पाहिलं. मग मला दिसलं. पहिला ढीग अडवणाऱ्यांचा होता, दुसरा धरून ठेवणाऱ्यांचा, तिसरा खरवडणाऱ्यांचा. नावाची गरजच नव्हती. मी तीन डबे आणून दिले. आजही माझं सामान त्याच तीन डब्यांत आहे, आणि काही शोधायला मला आता क्षणभरही लागत नाही. हे मी त्यांना तेव्हा कबूल केलं नाही, ते राहिलंच.

बाहेर तास रंगात आला होता. दोन वेण्यांची एक मुलगी होती, वादाला पक्की, समोरचा थकेपर्यंत न थकणारी. तिच्या हातात वाळूची पुडी होती. ती म्हणत होती, हे ओतता येतं, ज्या भांड्यात घालावं त्याचा आकार घेतं, म्हणून दुसरी चौकट. अर्धा वर्ग तिच्या बाजूनं, अर्धा विरुद्ध. कुणी म्हणालं, पण याचा ढीग होतो, दुसऱ्या चौकटीतल्याचा कधी ढीग होतो का? ती म्हणाली, मग ओतता कसं येतं ते सांग. आवाज वाढत चालले होते. अण्णा कान देऊन ऐकत होते. मग ते उठले आणि बाहेर गेले. मी त्यांचा सदरा धरायला हात पुढे केला, तो तसाच राहिला.

ते त्या मुलीसमोर उभे राहिले आणि ओंजळ पुढे केली. तिनं वाळू ओतली. अण्णांनी ती बोटांतून थोडी सोडली, थोडी अंगठ्यानं चोळली.

"एकेक घट्ट आहे," ते म्हणाले. "मिळून वाहतात."

पाच महिन्यांनी. आवाज गंजलेला होता, पण वाक्य धडधाकट. मी दाराची चौकट घट्ट धरली. बाई फळ्याशी होत्या, त्यांचा चेहरा पांढरा पडला. आणि वर्गाला काहीच वाटलं नाही. का वाटावं? या वर्गात सगळेच असं बोलायचे. पोरांना वाटलं, आणखी एक भिडू आला. वेण्यावाली तर लगेच म्हणाली की आजोबा, तुम्ही दोन्हीकडून बोलताय, असं चालत नाही, एक बाजू घ्या. अण्णांनी विचार केला आणि वाळू ओंजळीत घेऊन भांडणाच्या चौकटीत जाऊन उभे राहिले. घंटेपर्यंत तिथंच उभे होते. पाय दुखत असणार, पण हलले नाहीत.

मग ते दर गुरुवारी यायला लागले. काकू परत आल्या तरी यायचे. मोठ्या सरांनी एकदा डोकावून विचारलं की हे गृहस्थ कोण आणि कुणाच्या परवानगीनं. मी सांगितलं, खण दुरुस्त करायला आलेत, पैसे घेत नाहीत. शेवटचे तीन शब्द ऐकून सर निघून गेले.

मिश्रणांचे तास सुरू झाले. लोखंडाचा कीस, लाकडाचा भुसा आणि मीठ एकत्र करून दिलं होतं आणि वेगळं करायचं होतं. पोरं चुंबक आणि पाणी शोधत धावली. अण्णांनी ताट एका बाजूनं उचललं आणि कडेला बोटानं टकटक केली, हळू, एका लयीत, गोदामात आयुष्यभर केलं असेल तशी. जड खाली सरकलं, हलकं वर तरंगत राहिलं. मुलं ताटाभोवती वाकली, ऊन त्यांच्या मानांवर पडलं होतं, आणि बराच वेळ त्या टकटकीशिवाय काही ऐकू आलं नाही. मला वाटलं, हे असंच चालू राहावं. शाळा सुटूच नये.

एकदा बाईंनी काचेच्या बंद चंबूत आयोडीनचे दोन खडे टाकून खालून ऊब दिली. आत जांभळा धूर उठला आणि चंबू भरून गेला. पाणी झालंच नाही मध्ये. अण्णा म्हणाले, मधली पायरी चुकवली यानं. वेण्यावालीनं मान डोलावली, पहिल्यांदाच न भांडता.

पण घरी ते बोलत नव्हते. बाईंनी मला सांगितलं. दार उघडून आत गेलं की पुन्हा बोट दाखवणं. बाईंनी घरीही खेळ करून पाहिला, एखादी वस्तू हातात देऊन विचारलं, ही काय करते. अण्णा ती वस्तू पुसून जागेवर ठेवायचे. चाळीस पोरांशी बोलणारा माणूस एका लेकीशी बोलत नव्हता, आणि ती लेक त्याच वर्गात फळ्याशी उभी असायची. तिच्याकडे बघून त्यांनी कधी एक शब्द काढला नव्हता. बाईंच्या डोळ्यांखाली काळं दिसायला लागलं होतं.

"सगळं आलंय त्यांचं," त्या एकदा म्हणाल्या. "फक्त मीच नाही आले."

मला त्यांचा राग आला, अण्णांचा. एकदा मी त्यांना आत गाठून बोललोही, की एक नाव तर आहे, जरा जोर लावा, त्या झुरताहेत. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी घंटेची वेळ झाल्याचं निमित्त करून निघालो. वेळ झाली नव्हती.

उन्हाळ्याच्या सुट्टीआधीचा शेवटचा गुरुवार होता. शिकवायचं काही उरलं नव्हतं. बाई म्हणाल्या, आज ट्रे नाही, वाटेल ते मनात धरा आणि नाव न घेता सांगा, बाकीचे ओळखतील. मुलांनी दव सांगितलं, डिंक सांगितला, एकानं मोठ्या सरांची शिट्टी सांगितली आणि ती स्थायू की वायू यावर दहा मिनिटं गेली. ऊन पायांपर्यंत आलं होतं. अर्धी मुलं चौकटींतच मांडी घालून बसली होती. मग वेण्यावाली म्हणाली, आजोबा, तुमची पाळी.

अण्णा बाहेर मुलांमध्येच स्टुलावर बसले होते. ते फरशीकडे बघत बोलायला लागले, थांबत थांबत.

"सकाळी माझ्या आधी उठते. मला गरम देते. स्वतः गार झालेलं पिते."

मांजर, कुणीतरी म्हणालं. अण्णांनी नाही म्हणून मान हलवली.

"बाहेरून येते तेव्हा पायातलं काढताना टेकते. रोज तिथंच टेकते. तिथं काळं झालंय. लाल रेघोट्या मारत बसते तेव्हा एक पाय हलवते. झोप आली की हलायचा थांबतो, मग मी दिवा बंद करतो."

मी दाराशी आलो होतो. बाई फळ्याला टेकून उभ्या होत्या.

"रडायचं असलं की आत जाते," अण्णा म्हणाले, "आणि वाहतं सोडते. भरत काही नाही, नुसतं वाहतं. तिला वाटतं मला कळत नाही. ते वाहणं वेगळं, तिचं वेगळं. मला दोन्ही ऐकू येतं."

ते थांबले. मला वाटलं झालं. पण झालं नव्हतं.

"एकदा हसली. छान हसली. पुष्कळ दिवसांनी हसली होती. मग माझ्याकडे बघून तिनं ते बंद केलं. मी पुन्हा चुकायला नको म्हणून गप्प बसलो."

वेण्यावालीनं हळूच, कुणाच्याही कानात न सांगता, नुसतं म्हटलं, बाई. आणि चाळीस माना फळ्याकडे वळल्या.

बाईंनी स्वतःचा नियम मोडला. नऊ वर्षांत पहिल्यांदा.

"अण्णा," त्या म्हणाल्या, "माझं नाव काय?"

अण्णांनी डोळे मिटले. त्यांचा हात मांडीवरून उचलला गेला आणि हवेत थोडा पुढे गेला, गोदामातल्या एखाद्या उंच खणाकडे जावा तसा. बोटं उघडली, मिटली, पुन्हा उघडली. कपाळावर घाम आला. मी मनातल्या मनात ते नाव जोरजोरात घेत होतो, मस्टरवरचं, जणू त्यांना ऐकू जाईल. हात खाली आला. त्यांनी डोळे उघडले आणि इतक्या महिन्यांत प्रथमच सरळ तिच्याकडे पाहिलं.

"नाव सापडत नाही गं," ते म्हणाले. "बाकी तू सगळी आहेस."

बाईंनी पाठ फिरवली आणि फळा पुसायला घेतला. वरपासून खालपर्यंत, एक कोपराही न सोडता. फळ्यावर त्या दिवशी काहीच लिहिलेलं नव्हतं. घंटेची वेळ केव्हाच होऊन गेली होती, आणि मी ती दिली नाही.